पाणी, पंखा आणि नागपूरचा मे महिना

कॉम्प्युटर स्वतः जुळवणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो : यंत्रातली उष्णता काढायला हवा पुरते, की पाणी फिरवावं? मोठ्या केसमध्ये दोन्ही पक्षांना मोकळं रान असतं. कस लागतो तो मध्यम आकाराच्या केसमध्ये, कारण तिथे एकाच जागेवर दोन-दोन वस्तू हक्क सांगतात. पुढचा संवाद अशाच एका मशीनवरून झालेला आहे. मामाचं नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भाची आर्किटेक्टांसाठी इमारतींची थ्रीडी चित्रं आणि वॉकथ्रू करून देते. घरूनच, बहुतेक रात्री. तिच्या यादीत रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आहे, आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आहे, आणि या दोन्हींवरून फिरणारं पाणी आहे. पंप, टाकी, रेडिएटर, चिपवर बसणारे ब्लॉक, नळ्या सगळं सुटं आणायचं आणि स्वतः जोडून लूप तयार करायचा. पहिल्या दोन वस्तूंना मामाची हरकत नाही. वाद तिसरीवर आहे.

मामा : चार हजारांत चांगला टॉवर कूलर येतो. दोन पंखे, सहा हीट पाइप. एकदा बसवला की दिवाळीला धूळ झटकायची, बस. तुझ्या लूपला साठ-सत्तर हजार लागतील. नुसती फिटिंगच चौदा-सोळा लागतात. एवढ्या पैशांत घरात दुसरा कॉम्प्युटर येईल. मग हे कशासाठी?

भाची : टॉवर कूलर फक्त प्रोसेसरचा झाला, मामा. माझं रेंडर चालतं ग्राफिक्स कार्डावर. प्रोसेसर जोर लावून २३० वॉट घेतो, कार्ड ४५० वॉट घेतं. म्हणजे दोन तृतीयांश उष्णता कार्डाची. आणि कार्ड ती कुठे टाकतं? केसच्या आतच. तीच गरम हवा मग तुझा टॉवर कूलर ओढतो.

मामा : हाव, ते बरोबर. पण पाण्याने तू काय साधणार? आपल्याकडे पाणी म्हटलं की लोकांना गारवा आठवतो, कारण मार्चपासून घरोघरी वाळ्याचा कूलर लागतो. त्या कूलरमधलं पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून बाहेर ४४ असताना खोली ३४ वर येते. तुझ्या लूपमधलं पाणी बंद नळीत. एक थेंब उडणार नाही. खोलीत ३५ असेल तर ते ३५ च्या खाली कधीच जाणार नाही.

भाची : जायलाच नको. खोलीच्या फार खाली गेलं तर ब्लॉकवर दव धरेल आणि बोर्डावर पाणी टपकेल. मला पाण्याकडून गारवा नकोच आहे, वाहतूक हवी आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता घेतं. तेवढ्याच आकारमानाची हवा घेतली तर ती याच्या साडेतीन हजारावा भाग घेईल. म्हणून बोटाएवढ्या नळीतून जे काम होतं, त्यासाठी हवेला मोठा झोत लागतो.

मामा : उचललेली उष्णता शेवटी ठेवतेस कुठे?

भाची : रेडिएटरमधून खोलीतल्या हवेत.

मामा : म्हणजे शेवटी हवाच! तुझ्या पाण्याच्या मशीनलाही पंखे लागतातच. टॉवर कूलरला दोन होते, तुला पाच लागतील.

भाची : लागतीलच. शेवटचं काम कायम हवाच करते. पाण्यामुळे एवढंच होतं की ते काम कुठे व्हावं हे मला ठरवता येतं. टॉवर कूलरला प्रोसेसरच्या डोक्यावर जेवढी जागा मिळते तेवढाच त्याचा पसारा. रेडिएटर मात्र मी केसच्या पुढच्या जाळीला लावू शकते, छताला लावू शकते. ताज्या हवेला लागून.

मामा : केस केवढी?

भाची : साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास उंच आणि तेवढीच खोल. पुढे ३६० चा रेडिएटर, छताला २४० चा.

मामा : कागदावर बसतं सगळं. ३६० चा रेडिएटर मोजून बघितलास? दोन्ही टोकांच्या टाक्या धरून चारशेच्या जवळ जातो. ३६० हे फक्त तीन पंख्यांचं माप आहे.

भाची : बघितलाय. पुठ्ठ्याचा रेडिएटर कापून केसमध्ये घालून पाहिला. खाली पॉवर सप्लायवर जे झाकण असतं त्याला पुढच्या बाजूने खाच आहे, तिच्यात तो उतरतो. पण जाडी ३० मिलिमीटरच ठेवावी लागेल. वर पंख्याचे २५. पंचावन्नच्या पुढे गेलं की टाकीला जागा उरत नाही.

मामा : आणि छताला?

भाची : छताला अडचण रॅमची. तिथेही पंचावन्न मिलिमीटर खाली येतात, आणि दिवे लावलेली उंच रॅम असेल तर पंखा तिच्यावर आदळतो. म्हणून बुटकी, बिनदिव्याची रॅम घेतली. प्रोसेसरची वीज देणारी केबल मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते. रेडिएटर बसवल्यावर तिथे बोट जात नाही, म्हणून ती आधी लावून घ्यायची.

मामा : रॅम केसच्या छतावरून ठरवायची! हेच मला खटकतं. एका वस्तूसाठी बाकीच्या सगळ्यांनी अंग चोरायचं.

भाची : आणि हवेवरचं ४०९० कार्ड काय करतं? तीनशे मिलिमीटरांच्या वर लांबी, तीन-साडेतीन स्लॉट जाडी, दोन किलोंहून जास्त वजन. खाली टेकू दिला नाही तर वाकतं. त्याचा मूळ कूलर काढून ब्लॉक बसवला की आत असते ती सर्किटची आखूड पाटी. जाडी एक-दोन स्लॉटवर येते. मध्यम केसमध्ये सगळ्यांत जास्त अंग कोण पसरतं ते आधी बघ.

इथे मामाने थोडी माघार घेतली. ग्राफिक्स कार्डांचे कूलर आज इतके वाढले आहेत की कार्ड मोठं दिसतं ते मुख्यतः कूलरमुळे. मात्र आकड्यांच्या बाबतीत तो सोडणारा नव्हता.

मामा : बरं. प्रोसेसरचे २३० आणि कार्डाचे ४५०. झाले ६८० वॉट. तुझ्या रेडिएटरांचं गणित काय म्हणतं?

भाची : अंदाजाचा हिशोब असा, की १२० च्या एका पंख्याएवढा रेडिएटरचा तुकडा, पंखा शांत फिरत असताना, साधारण १०० वॉट बाहेर टाकतो, आणि तेव्हा पाणी हवेपेक्षा दहा अंश जास्त असतं. माझ्याकडे तीन आणि दोन, असे पाच तुकडे. म्हणजे दहा अंशांच्या फरकावर ५०० वॉट.

मामा : आणि ६८० ला?

भाची : चौदा अंशांच्या आसपास.

मामा : खोली ३५. पाणी ४९. तेही दोन्ही रेडिएटरांना ताजी हवा मिळाली तर. पुढच्या रेडिएटरमधून हवा आत येणार म्हणजे ती तिथेच आठ-नऊ अंश तापणार. तीच हवा छताच्या रेडिएटरमधून बाहेर जाणार. म्हणजे छताच्या रेडिएटरला खोलीची ३५ ची हवा नाही, ४३-४४ ची मिळाली. ४९ चं पाणी ४४ च्या हवेने किती निवणार? तुझे पाच तुकडे कागदावरचे. प्रत्यक्षात चार धर.

भाची : म्हणून दोन्हींतून हवा आतच घेणार. पुढूनही, वरूनही. बाहेर जायला मागचा पंखा आणि मागची जाळी.

मामा : मग छतावरची धूळ थेट आत. आणि मदरबोर्डावरच्या बाकीच्यांचं काय? प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग, एसएसडी, रॅम, यांच्यावर ब्लॉक नाहीत. ते आतल्या हवेवरच जगतात. टॉवर कूलरचा पंखा जाता-जाता त्यांच्यावरही वारा घालायचा. तू तो काढून टाकलास आणि त्यांना गरम हवा दिलीस.

भाची : ही गोष्ट खरी आहे. त्यासाठी मागचा पंखा जोरात ठेवावा लागेल आणि एसएसडीवर उष्णता पसरवणारी चांगली पट्टी लागेल. छताला बारीक जाळीही. तरी तुलना कशाशी करायची? हवेवरच्या मशीनमध्ये कार्डाचे ४५० वॉट याच भागांच्या शेजारी मोकळे सुटतात.

मामा : ४९ अंशांचं पाणी. हात लावला तर चटका बसेल, आणि तू त्याला कूलिंग म्हणतेस.

भाची : चिपच्या मानाने ते गारच आहे. जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंगला सुपरएमयूसी नावाचा महासंगणक होता, आयबीएमने २०१२ मध्ये उभारलेला. त्याच्या चिपांवरून मुद्दाम ४५ अंशांपर्यंतचं कोमट पाणी फिरवत. चिप सत्तर-ऐंशीवर चालत असेल तर ४५ चं पाणीही तिची उष्णता नेतं, आणि एवढं गरम पाणी निववायला चिलर लागत नाही, बाहेरची हवा पुरते. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ चा परम ब्रह्म आहे. तिथेही द्रव थेट चिपांजवळ नेऊन उष्णता काढतात.

मामा : तिथे पगारी माणसं चोवीस तास बसलेली असतात. तुझ्या घरी रात्री तीन वाजता कोण बसणार? आणि वरची हद्द सांग. पाणी किती तापलेलं चालतं?

भाची : साठ. मी घेतेय त्या डी५ पंपाची मर्यादा तीच, आणि पीईटीजीच्या कडक नळ्या तेवढ्यावर मऊ पडायला लागतात. फिटिंगमधून निसटू शकतात.

मामा : मे महिन्यात वीज गेली, खोलीतला कूलर बंद पडला आणि तुझं मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं, तर खोली ४० वर जाते. चाळीस आणि चौदा, चोपन्न. एक रेडिएटर धुळीने अर्धा बुजला की साठ गाठलेच.

ही मामाची सगळ्यांत जोरदार चाल होती, आणि तिचं उत्तर पुढे त्यानेच दिलं. त्याआधी भाचीने प्रोसेसरबद्दल एक गोष्ट स्वतःहून मान्य केली. पाण्याची बाजू मांडणारे ती सहसा सांगत नाहीत.

भाची : आणि मामा, प्रोसेसरला पाण्याचा फार फायदा नाही हेही मी सांगून टाकते. ७९५०एक्सच्या आत उष्णता निघते ती दोन चिमुकल्या तुकड्यांतून. एकेक सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा. वर जाड धातूचं झाकण. एवढ्याशा जागेतून उष्णता झाकणापर्यंत यायलाच वेळ लागतो. झाकणावर हवा घाला की पाणी, अडचण तिथेच राहते. शिवाय तो ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलाय. थंडावा दिला की तो आणखी वेग घेतो आणि पुन्हा वर चढतो.

मामा : मग?

भाची : कार्डाचं उलट आहे. त्याची चिप ६०९ चौरस मिलिमीटरची, उघडी, वर झाकण नाही. ब्लॉक थेट तिच्यावर बसतो. तिथे वीस-वीस अंशांचा फरक पडतो. पाण्याचा पैसा वसूल होतो तो कार्डावर.

मामा : आता माझं ऐक. उष्णता निघाल्यावर तिच्या मागे धावण्यापेक्षा ती कमीच निघू दे. कार्डाची वीज ७० टक्क्यांवर बांध. ४५० चे ३१५ होतात आणि वेग पाच-सात टक्केच जातो. प्रोसेसर इको मोडवर टाक, १०५ वाल्या. नाव १०५ चं असलं तरी तो १४२ वॉटपर्यंत घेतो, पण त्याच्या वर जाणार नाही. शेवटच्या पाच टक्के वेगासाठी कंपन्या वीज ओततात, कारण त्यांना तक्त्यात पहिलं यायचं असतं. तुला तक्त्यात यायचंय की आर्किटेक्टला चित्र द्यायचंय? याला पैसे लागत नाहीत, फिटिंगही लागत नाहीत.

भाची : ३१५ आणि १४२. ४५७ वॉट.

मामा : हाव.

भाची : पाच तुकडे, ५०० वॉट. मामा, तू माझा लूप बसवून दिलास. ४५७ म्हणजे नऊ-साडेनऊ अंश. खोली ३५ तर पाणी ४४-४५. खोली ४० झाली तरी पन्नासच्या आत. साठला अजून दहा अंश बाकी.

मामा : अगं, पण ४५७ वॉट असतील तर हवासुद्धा पुरते! ४५० वॉटसाठी बनवलेला कार्डाचा कूलर ३१५ वर आरामात बसतो. पंखे जेमतेम फिरतात. म्हणजे ज्या अटीवर तुझं पाणी या केसमध्ये चालतं, त्याच अटीवर पाण्याची गरज संपते.

वादाचा गाभा इथे होता. मध्यम केसमध्ये रेडिएटरला जागाच मर्यादित, म्हणून आधी उष्णता आटोक्यात आणावी लागते. आणि ती आटोक्यात आली की हवेचा साधा उपायही पुरेसा होतो. मोठ्या केसमध्ये हा पेच पडत नाही. तिथे जाड रेडिएटर लावून पूर्ण ६८० वॉट खेचता येतात. भाची थोडा वेळ गप्प राहिली. नंतर तिने तापमानाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि आवाजाचा काढला.

भाची : पुरते, मान्य. पण पंख्यांचा आवाज नुसता किती आहे यापेक्षा तो कसा चढ-उतार करतो याचा त्रास जास्त होतो. हवेवरच्या कार्डावर मी नुसता कॅमेरा फिरवला तरी चिप क्षणात तापते आणि पंखे वर जातात. सोडलं की खाली. दिवसभर वर-खाली. लूपमध्ये मी पंख्यांना चिपचं तापमान देणारच नाही, पाण्याचं देणार. लिटरभर पाण्यात ५०० वॉट ओतले तर एक अंश वाढायला आठ सेकंद लागतात, तेही रेडिएटर बंद धरून. छोट्या झटक्यांचा पंख्यांना पत्ताच लागत नाही.

मामा : आणि रात्रीचं सहा तासांचं रेंडर? ते काय छोटा झटका आहे? पंधरा-वीस मिनिटांत पाणी वरच्या पातळीला जाऊन बसेल आणि पंखे तिथून हलणार नाहीत.

भाची : पण एका सुरात फिरतील. त्या सुरात झोप लागते.

मामा : ते तुझ्या कानांवर सोडू. आता माझ्या टेबलावर येणाऱ्या गोष्टी ऐक. पाण्याचं मशीन बिघडतं कशाने? लोकांना वाटतं नळी फुटते. मी फुटलेली नळी अजून पाहिली नाही. मी पाहिलेत ते कापलेले ओ-रिंग. कडक नळी करवतीने कापतात, काठ घासून गोल करत नाहीत, तशीच फिटिंगमध्ये दाबतात. धारदार काठ रबराला चिरतो. त्या दिवशी गळत नाही. चार महिन्यांनी, तापून-निवून, एक थेंब येतो.

भाची : काठ घासायचं हत्यार घेतलंय. आणि हवेची चाचणी करणार. पाणी भरायच्या आधी लूपमध्ये पंपाने हवा भरायची, अर्ध्या बारपर्यंत, आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला तर कुठेतरी वाट आहे. तो ठाम राहिला तरच पाणी. त्यानंतरही पहिल्यांदा फक्त पंपाला वीज द्यायची. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या प्लगमध्ये हिरवी तार काळीला जोडली की तो मदरबोर्डाशिवाय सुरू होतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा.

मामा : फिटिंगला टेप गुंडाळू नकोस.

भाची : नाही. हे आटे सरळ आहेत, निमुळते नाहीत. प्लंबरकडचंच पाव इंची बीएसपी माप, पण इथे पाणी आट्यांवर अडत नाही, खालच्या ओ-रिंगवर अडतं. हाताने घट्ट केलं की झालं. पान्याने आवळलं तर अॅक्रिलिकच्या ब्लॉकला तडा जातो.

मामा : पंप कोरडा चालवू नकोस.

भाची : डी५ ला वंगण पाण्याचंच आहे, ठाऊक आहे. टाकी पंपाच्या वर आणि पंपाच्या लगेच आधी. बाकीचा क्रम कसाही चालतो. लोक म्हणतात प्रोसेसर आणि कार्डाच्या मध्ये रेडिएटर हवाच. पण मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ६८० वॉटचा पूर्ण भार पडूनही पाण्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अडीच अंशांचा फरक पडतो. त्यासाठी केसभर नळ्या वळवत बसायचं कारण नाही. सगळ्यांत जवळचा रस्ता घ्यायचा.

मामा : पाणी कुठलं?

भाची : नळाचं नाही, मग ते कन्हानचं असो की पेंचचं. नळाच्या पाण्यातले क्षार ब्लॉकमध्ये बसतात. ब्लॉकच्या तांब्यातल्या खाचा मिलिमीटरच्या अंशाएवढ्या. तिथे थोडा गाळ आला तरी प्रवाह अडतो.

मामा : इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते?

भाची : क्षार नसतात त्यात, पण नुसतं तेही चालत नाही. तांबं, निकेल, पितळ एकाच पाण्यात असतात, म्हणून गंज रोखणारं औषध हवं आणि शेवाळ रोखणारंही. दोन्ही मिसळलेलं तयार द्रव घेणार. रेडिएटर आधी गरम डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुणार. आत डाग लावताना उरलेलं फ्लक्स असतं. आणि अॅल्युमिनियमचा एकही भाग या लूपमध्ये येणार नाही. तांब्याच्या संगतीत तो खातच जातो.

मामा : बाजारातल्या तयार बंद कूलरमध्ये तर तांब्याचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र असतात.

भाची : कारखान्यात मोजून घातलेल्या औषधावर ते चालतात, आणि पाच-सहा वर्षांनी फेकून द्यायचे असतात. नळीच्या रबरातून पाणी हळूहळू कमी होतं, ते भरायला झाकण नसतं. पंप गेला की सगळंच गेलं. शिवाय तसा कूलर फक्त प्रोसेसरचा, आणि प्रोसेसरला गरज कमी हे आपण बोललोच. सुट्या लूपमध्ये पंप, रेडिएटर, फिटिंग पुढच्या मशीनलाही चालतात, कारण आटा तोच. प्रोसेसरचा ब्लॉक नव्या बोर्डावर बसवायला वेगळी पट्टी मिळते. वाया जातो तो फक्त कार्डाचा ब्लॉक, कारण तो त्याच पाटीच्या मापाने कोरलेला असतो.

मामा : म्हणजे सगळ्यांत महागडा तुकडाच वाया जातो.

भाची : हो.

मामा : अॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ पाण्यावर चालवला. केवढी मोठी कंपनी. पुढे त्यातले काही गळले आणि आतलं सामान घेऊन गेले. त्यांच्याकडून होतं ते तुझ्याकडून होणार नाही?

भाची : होईलही. पण ज्याने तो विकत घेतला त्याला आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. माझ्या टाकीतली पातळी मला रोज दिसेल. पंपाच्या फेऱ्या मोजणारी तार मदरबोर्डाच्या प्रोसेसर-पंख्याच्या पिनवर लावली की पंप थांबल्याचं मदरबोर्डाला कळतं.

मामा : आता मुद्द्याचं. पंख्याचा बेअरिंग गेला तर तू सीताबर्डीला जाऊन तासाभरात नवा आणतेस. पंप गेला तर मुंबईहून किंवा बंगळुरूहून मागवायचा. चार दिवस. तेवढ्यात क्लायंट दुसऱ्याकडे. रोजीरोटीच्या मशीनवर हौस करू नये, पोरी. हौसेसाठी वेगळं मशीन कर. जुना प्रोसेसर, जुनं कार्ड, त्याच्यावर काय पाणी फिरवायचं ते फिरव.

भाची : तसं मशीन वर्षभरात मरतं. कारण कुणी त्याच्याकडे बघत नाही. पाणी आटतं, द्रवात गाळ बसतो, नळी पिवळी पडते, आणि एक दिवस मुलाला गेम खेळायचा असतो म्हणून कोणी तसंच चालू करतं. तुझ्या टेबलावर जी पाण्याची मशीन येतात, ती रोज कामाची असतात की शोभेची?

मामाला हे अनपेक्षित होतं. त्याने आठवून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं.

मामा : बहुतेक शोभेची. रंगीत द्रव घातलेली. तो दुधासारखा दिसणारा रंग सहा महिन्यांत खाली बसतो आणि ब्लॉक गच्च होतो.

भाची : म्हणूनच माझ्याकडे बिनरंगाचं. आणि कामाच्याच मशीनवर. पोट ज्याच्यावर आहे त्याच्याकडे माणूस रोज बघतो.

मामा : म्हणजे बघत राहायला तुझी हरकत नाही.

भाची : मला तेच हवंय.

मामा : इथे आपलं जमणार नाही. माझ्या हिशोबी चांगलं मशीन ते, ज्याचा मालक त्याला विसरू शकतो. हवेचं मशीन विसरता येतं. तू विसरता न येणारं मशीन पैसे देऊन घेतेस आणि वर त्याला सोय म्हणतेस.

भाची : सोय म्हणत नाही. मी दिवसभर इमारतींची चित्रं काढते, त्या कुठेतरी दुसरंच कोणी बांधतं. हे एक तरी माझ्या हातांनी मोजून, कापून, दाबून बांधलेलं असेल.

मामा : मग तसं सरळ म्हण. ही हौस आहे. वीस अंश, पाण्याची साडेतीन हजार पट ताकद, हे सगळं नंतरचं.

भाची : हौस आहेच. पण हौसेलाही हिशोब लागतो, आणि तो केलाय.

मामा : हौसेला मोल नाही म्हणतात. दुकानात बसल्यावर तिचं बिल मला करावं लागतं. बरं, माझ्या अटी लिहून घे. कडक नळी नको. काळी मऊ ईपीडीएमची नळी घे. दिसायला काही नाही, पण वाकवायला हीट गन लागत नाही आणि काठ घासायचा प्रश्नच नाही.

भाची : कडक नळीच्या वळणांसाठीच तर... बरं. घेतली.

मामा : सगळ्यांत खालच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह. द्रव बदलताना केस उलटी करायची वेळ येऊ नये.

भाची : आहे.

मामा : एक जादा पंप घरात. केसमध्ये दोन बसणार नाहीत, पण कपाटात बसेल. कार्डाचा मूळ कूलर, त्याचे स्क्रू, प्रत्येक जाडीचे पॅड, सगळं खोक्यात नावं घालून. वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर मूळ कूलर लावूनच पाठवावं लागेल. त्यातही ते लोक कुरकुर करतील, तो धोका तुझा.

भाची : धोका माझा. आणखी?

मामा : वीज बांधल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. ३१५ आणि १४२. त्याच्या वर एक वॉट नाही.

भाची : कबूल. सामान एप्रिलच्या शेवटी येईल. मे जाऊ दे, पाऊस पडला की निवांत बसून जोडते.

मामा : अजिबात नाही. पावसात जोडलेलं मशीन फेब्रुवारीपर्यंत कुणाचंही चालतं. जोडायचं तर मेमध्येच. दुपारी दोनला खोलीतला कूलर बंद कर आणि सहा तासांचं रेंडर लाव. पाणी पंचावन्नच्या खाली राहिलं तर पाण्याच्या मशीनबद्दल मी पुन्हा बोलणार नाही.

भाची : आणि वर गेलं तर?

मामा : तर खोका आणून ठेवलेलाच आहे. कूलरचे स्क्रू मी लावून देईन, मजुरी घेऊन.